माणूस जाईल, फाइल राहील

कंपनीत काम करणारे पुष्कळ असतात. पण काम करणारा खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे ठरवण्याची जोखमीची जबाबदारी एचआर ऑपरेशन्सवर असते. समोर उभ्या असलेल्या देशपांड्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक 'ए' जादा आणि पीएफच्या खात्यात एक कमी निघाला, की ते दोन निराळे गृहस्थ ठरतात. दरमहा मूळ पगाराचे 12 टक्के कापताना मात्र दोघे एकच होते. द्वैत आणि अद्वैत एकाच टेबलावर नांदवणारा दुसरा विभाग दाखवा!

काही तक्रारखोर 2019 ची वेतन संहिता पुढे करतात. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करा, असे तिचे 17 वे कलम सांगते. अहो, पण ओळखपत्र, लॅपटॉप, लॉकरची किल्ली आणि सहा विभागांचा 'काही येणे नाही' दाखला आल्याशिवाय माणूस गेला, असे म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने? हिशेब चुकता व्हायला लागणारे 45 दिवस हा विलंब नव्हे, शहानिशा आहे. शिवाय शेवटच्या दिवशी लॉगिन बंद करून उरलेले फॉर्म त्याच पोर्टलवर भरायला लावणे, यात गोपनीयतेचा केवढा विचार! खरे तर 'काही येणे नाही' असे त्याच्याकडून रुजू होतानाच लिहून घ्यावे. पगार देण्याची कटकटच मिटेल.

अडचण एवढीच, की याच टेबलावरचा माणूस नोकरी सोडतो, तेव्हा त्याची फाइल मंजुरीसाठी त्याच्याच बंद लॉगिनवर जाते.