ओळख करून देण्यात येते की...

सोलापुरात कुणाची ओळख करून द्यायची, तर पहिलं वाक्य कुठल्या भाषेत बोलायचं इथूनच पंचाईत. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरींच्या कारखान्यात शेठ मराठीत रागावतात, जॉबर अण्णा तेलुगूत उत्तर देतात, हिशेबनीस कन्नडमध्ये पुटपुटतो आणि माग तिघांचंही ऐकत नाही. अशा ठिकाणी नवा टेक्निशियन येणार म्हणून 'टीमला' ओळख करून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'टीम' हा शब्द शेठनी कुठल्याशा सेमिनारमधून आणला. त्याआधी आम्ही नुसती माणसं होतो.

रात्री जागून नोटीस लिहिली. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्व...' बायकोनं वाचली आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

दुसऱ्या दिवशी हसतमुख व्यक्तिमत्त्व आलं. डिप्लोमा झालेला पोरगा, पाठीवर सॅक आणि गाव इचलकरंजी! म्हणजे पहिल्याच चहाला वाद. तिकडचं पोर १९०४ साली आमच्या गावात यंत्रमाग आला म्हणून सांगणार. इकडचं पोर लगेच १८७७ सालची जुनी मिल काढणार. मिल बंद पडून जमाना झाला, पण तिचा अभिमान तिन्ही पाळ्यांत चालू आहे. त्यात वॉचमननं "ये की बे" म्हणून स्वागत केलं आणि पोराचा चेहरा पडला. 'बे' ही इथली शिवी नाही, सलगी आहे, हे समजावण्यात चहा निवला.

मग शेडमध्ये समारंभ. चाळीस माग धडधडत असताना शेठनी भाषण सुरू केलं. आमच्याकडं शेडमधला संवाद हातवाऱ्यांवर चालतो, त्यामुळं शेठचे ओठ हलायचे थांबले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याही ऐकू आल्या नाहीत. मी संधी साधून अण्णांच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "या कारट्याला आपला माग झेपणार का?"

नेमकी 'आपला'पाशी लाइट गेली.

मे महिन्यातल्या सोलापुरात, पत्र्याखाली, चाळीस माग एकदम गप्प झाल्यावर जी शांतता पडते, तीत 'माग झेपणार का' हे शब्द बराच वेळ फिरत राहिले. ओळख झाली. माझी.

पोरगा काही बोलला नाही. सात नंबरच्या मागाशी जाऊन उभा राहिला. त्यावर मोरांची चादर होती आणि दोन दिवस एकाही मोराला डोळा येत नव्हता. अण्णा जकार्डाचे हुक बदलून बदलून थकले होते. पोरानं कापडावरून हात फिरवला. "मामा, हुक गेला असता तर उभी रेघ पडली असती. इथं सगळे मोर एकाच जागी आंधळे आहेत. कार्ड बघूया का?"

अण्णांनी शिडी दाखवली. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ साली काढलेली ही युक्ती: जाड पुठ्ठ्यांची माळ, पुठ्ठ्याला छिद्रं. छिद्र असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पोरगा एकेक पुठ्ठा उजेडाकडं धरू लागला. एका पुठ्ठ्यावर शेजारशेजारची दोन छिद्रं कापसानं बुजलेली सापडली. त्यानं खिसे चाचपले. खिशात फक्त मोबाइल. तेव्हा अण्णांनी कानावरची पेन्सिल बाजूला सारून टोपीत खोचलेलं दाभण काढलं आणि वर दिलं. तीस वर्षांत ते दाभण त्यांनी कुणाला दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

लाइट आली. माग धडधडला, वीतभर कापड उतरलं आणि सगळ्या मोरांचे डोळे आले. डॉक्टरची गरज पडली नाही. अण्णा काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही, पण शेवटी ओठ 'बे' म्हणाले हे मला कळलं, पोरालाही कळलं. या वेळी तो हसला.

संध्याकाळी मी बोर्डावरची नोटीस उतरवली आणि नवी लावली: 'नवे टेक्निशियन आले आहेत. सात नंबर चालू आहे.' शेठ म्हणाले, फार त्रोटक झाली. अण्णा म्हणाले, दुसरं वाक्य पुरे होतं.

आंधळ्या मोरांच्या चादरी सेकंडच्या मालात गेल्या. त्यातली एक मी घेतली. ऊब तेवढीच देते.