आधी सत्कार, मग पकड

नागपुरात महिला कबड्डीचा चाहता व्हायचं तर दम खेळाडूंपेक्षा आपल्यालाच जास्त लागतो. बायकांचा सामना १५-१५ मिनिटांच्या दोन डावांचा. त्याआधीचं दीपप्रज्वलन किती डावांचं, हे नियमपुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. फलकावर नेत्यांचे चेहरे हातभर, खेळाडूंचे पासपोर्टच्या मापाचे. भाषणात 'रणरागिणी' आली की समजावं, वक्त्याला एकीचंही नाव ठाऊक नाही. तोवर रणरागिणी मॅटच्या कडेला गुडघ्याचं क्रेप बँडेज आवळत बसलेल्या.

मान्यवर उठले की पुढच्या रांगा रिकाम्या होतात आणि खेळ सुरू होतो. डाव्या कोपऱ्यातली पोरगी झेपावून चढाईवालीचा घोटाच धरते, मागून एक काका बोंबलतात, "पोरी, सोडू नको तिले!" हा खरा उद्घाटनाचा क्षण, फोटोग्राफर मात्र मान्यवरांसोबत गेलेला.

प्रो कबड्डीनं २०१६ साली महिलांनाही तीन संघांची लीग दिली होती. हैदराबादच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्स एका गुणानं जिंकल्या आणि पुढच्या हंगामात लीगच बाद! कबड्डीत बाद झालेली खेळाडू समोरच्या संघातली कुणी बाद झाली की परत तरी येते.