गुणिले शंभर

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हल्ली एक गृहस्थ जागोजागी भेटतात: मे महिन्यात आठ दिवस ‘स्वित्झर्लंड करून’ आलेले. ओळखायची खूण सोपी आहे. त्यांनी बर्फाचे वर्णन सुरू केले की वाक्य तिकिटाच्या आकड्यावर जाऊन थांबते. युंगफ्राऊयोख हे ३४५४ मीटरवरचे, युरोपातले सर्वांत उंच रेल्वे स्थानक, १९१२ पासून चालू, हे ते सांगतात. पण त्याआधी उन्हाळ्यात इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर, एका फ्रँकला शंभरावर रुपये, म्हणजे माणशी वीस हजारांच्या पुढे आणि माणसे चार, हे सांगून झालेले असते. वर बॉलिवूड नावाचे भारतीय जेवणाचे उपाहारगृह आहे. तिथल्या बुफेचा दर वाचूनच गृहस्थांचे पोट भरते. पोळी-भाजीचा डबा मग उतरताना गाडीत उघडतो. या माणसाला सगळे हसतात. कंजूष म्हणतात, आणि एवढे मोजायचे होते तर गेलाच कशाला, असेही विचारतात. माझ्या मते हे हसणे चुकीच्या जागी आहे. गृहस्थ कंजूष नाहीत, नाक्यावरचे आहेत.

त्यांच्या बॅगेपासूनच पाहा. विमान कंपनी तेवीस किलो म्हणते, म्हणून बॅग वाण्याच्या काट्यावर चढते, जिथे एरवी काजूबियांची पोती चढतात. आत उकडे तांदूळ, पोहे, सोलं, लोणचे, मेतकूट आणि एक छोटा कुकर, कारण राहायचे ते स्वयंपाकघर असलेल्या खोलीत. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, हा नियम त्यांनी व्हिसाच्या अर्जापेक्षा बारकाईने वाचलेला असतो. त्यामुळे तुपातले लाडू बाहेर निघतात आणि त्या जागी चिवडा दाबून बसतो. काटा साडेबावीसवर थरथरतो. उरलेल्या अर्ध्या किलोसाठी घरात मतदान होते. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. हे अंथरूणच बरोबर नेतात, एवढाच फरक.

हे शहाणपण येते कुठून? महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका आणि दोडामार्गची हद्द इथून. रेघ ओलांडली की भाव बदलतो, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी कळते. सिंधुदुर्गातली गाडी पेट्रोल भरायला अलीकडे येते, कारण गोव्यात ते लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. बाटलीचे तर विचारूच नये. आणि इकडची पिशवी भाजीला पलीकडे बांद्याच्या बाजारात जाते. दोन्हीकडच्या कोणालाही यात कंजुषी दिसत नाही. गंमत म्हणजे खुद्द स्विस माणूसही हेच करतो. सरहद्दीजवळचे स्विस लोक सामान घ्यायला जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला जातात. इतके जातात, की करमुक्त आणायच्या मालाची मर्यादा त्यांच्या सरकारने १ जानेवारी २०२५ पासून तीनशे फ्रँकवरून दीडशेवर आणली. म्हणजे ज्या देशात गृहस्थ हिशेब करत फिरतात, तो देशही हिशेबच करत बसला आहे.

यावर मोठा आक्षेप असा, की दरपत्रक वाचणाऱ्याला देश दिसत नाही. मला उलटे वाटते. वीस हजारांना सहजी हात घालणारा हॉटेलातून बसमध्ये आणि बसमधून डोंगरावर जातो. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि बहुतेकांचे पाणी पिण्याजोगे आहे, हे त्याला कळायचे कारणच नसते. आमचे गृहस्थ प्रत्येक कारंज्यापाशी वाकतात, ‘काइन ट्रिंकवासर’ ही पाटी नाही ना हे चष्मा वर करून पाहतात, मग बाटली तिरपी धरून भरतात. जर्मन भाषेतले दोनच शब्द त्यांना येतात, पण ते जिवाला उपयोगी. रविवारी दुकाने बंद, म्हणून पाव शनिवारी घ्यायचा. आणि बंद व्हायच्या सुमारास शिळे होऊ घातलेल्या मालावर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागते, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच हेरलेले असते. एखाद्या गावात कुठली गल्ली कशासाठी आहे, हे माहीत असणे म्हणजे गाव पाहणे नव्हे तर काय?

बरे, हेच हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर गोऱ्या पाहुण्याने केले तर? तो खोलीचे भाडे महिन्याच्या बोलीने पाडून घेतो, आपल्या स्टोव्हवर डाळ शिजवतो, एका चहावर चार तास समुद्र पाहतो, आणि आपण म्हणतो, किती साधा माणूस! त्याने भागिले तर साधेपणा, यांनी गुणिले तर कद्रूपणा, हा न्याय मला पटत नाही. अनेक गृहस्थांनी त्याच गोऱ्याला खोली देऊन हे पैसे जमवले आहेत. धडेही त्याच्याचकडून घेतले आहेत.

एक आरोप मात्र मान्य करावा लागेल. गुणाकार मनात करायचा असतो. पोराच्या हातात आइस्क्रीम पडायच्या आत ‘सहाशे रुपये!’ असे मोठ्याने म्हटले, की ते वितळायच्या आधीच कडू होते. म्हणून बऱ्याच घरांत तिसऱ्या दिवसापासून पाकीट बायकोकडे जाते. ती काहीही न गुणता दुसरे आइस्क्रीम घेते आणि पाकीट परत देत नाही.

मोपा विमानतळावर उतरून घरी जाताना धारगळच्या टपरीवर चहा होतो. टपरीवाला पंधरा रुपये सांगतो. फ्रँकमध्ये हे किती, असा हिशेब खरे तर आता सोपा असायला हवा. पण गृहस्थ हातातला कप तसाच धरून विचारतात, ‘पंधरा? परवापर्यंत बाराच होता ना?’