तिसरं प्रकरण

आमची सासुरवाडी सांगलीच्या गावभागातली. एकदा शेजारच्या काकूंनी सासूबाईंना दारातच गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "धाकट्या जावईबापूंचं तिसरं प्रकरण चाललंय म्हणे?"

"चाललंय की. दोन वर्षं झाली," सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "दुसरं मिटलं तेव्हा वाटलं होतं, आता सुटलो."

"अगं बाई! आणि लेकीला ठाऊक आहे?"

"ठाऊक? तीच तर रात्री बसून टाईप करून देते."

त्यानंतर महिनाभर काकू विरजण मागायलासुद्धा आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

हे धाकटे जावईबापू म्हणजे माझे साडू. साताऱ्याच्या एका कॉलेजात ते तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात, म्हणून घरात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्यात दोन्ही नाहीत. 2017 च्या डिसेंबरात त्यांनी शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलं, त्या दिवशी मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, मार्केट यार्डात पेढे वाटले. मामांची हळदीची अडत. माझं औषधांचं दुकान. त्यामुळे मामा यार्डात सांगायचे, "थोरले जावई मेडिकलवाले, धाकटे डॉक्टर होतायत." पुढं वर्षभर मला भेटणारा प्रत्येक व्यापारी एकच विचारायचा, "मग दवाखाना कुठं टाकताय दोघं मिळून?" एकानं तर विश्रामबागेत गाळासुद्धा बघून ठेवला होता.

सरांच्या प्रबंधाचं नाव एका दमात म्हणता येत नाही. 'दक्षिण सातारा जिल्ह्याची निर्मिती आणि तत्कालीन समाजजीवन (1949 ते 1960) : एक चिकित्सक अभ्यास.' विषय मात्र खरोखर चांगला आहे, हे मी साडू असूनही कबूल करतो. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे वाळवा, तासगाव, खानापूर असे दक्षिणेकडचे तालुके तोडून, त्यांना विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख जोडून बनवला, आणि त्याचं नाव ठेवलं 'दक्षिण सातारा'. सांगली संस्थान पटवर्धनांचं, गणपतीचं देऊळ पटवर्धनांचं, आणि जिल्ह्याचं नाव काय, तर दक्षिण सातारा! सांगलीकरांना हे कसं रुचलं असेल, हा सरांच्या तिसऱ्या प्रकरणाचा गाभा. 1960 च्या नोव्हेंबरात नाव बदलून 'सांगली' झालं आणि विषय मिटला. म्हणजे सांगलीकरांपुरता मिटला.

सर हा विषय कुठंही काढू शकतात. लग्नात नवरा कऱ्हाडचा, नवरी वाळव्याची असं कळलं की अक्षता पडायच्या आत ते व्याह्यांना सांगतात, "तुम्ही मूळचे एकाच जिल्ह्यातले!" 1943 साली उभं राहिलेलं साताऱ्याचं प्रतिसरकार, आणि त्यातलं कुंडल आज सांगली जिल्ह्यात, नाना पाटलांचं येडेमच्छिंद्रही सांगली जिल्ह्यात, हे तर त्यांनी केस कापता कापता न्हाव्याला पटवून दिलेलं आहे. एकदा सातारा-सांगली एसटीत पेठ नाका गेल्यावर कंडक्टरला म्हणाले, "1949 च्या आधी इस्लामपूरपर्यंतचं तिकीट म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतं बरं का." कंडक्टरनं चिमटा वाजवला. "मग काय, अर्धं फाडू व्हय?"

मामा व्यवहारी माणूस. विषय ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी हिशेब केला होता. "म्हणजे तो दक्षिण सातारा सगळा मिळून अकरा वर्षं होता. जन्मला, वाढला, नाव बदलून मोकळा झाला. तुमचा अभ्यास त्याच्यापेक्षा जास्त दिवस चालायचा नाही ना?"

सर तेव्हा मोठ्यांदा हसले होते. अलीकडे हसत नाहीत.

नियमानं पीएच.डी.ला सहा वर्षं मिळतात, वर मागितली तर आणखी दोन. बायकांना त्यावरही दोन. हे वाचून सर म्हणाले, "यात पुरुषांवर अन्याय आहे." सांगलीत एका पतसंस्थेत दिवसभर रोकड मोजून आलेली माझी मेहुणी कणीक मळत होती. ती म्हणाली, "मग नाव माझं घाला. नाहीतरी टायपिंग माझंच आहे."

आता कुणी म्हणेल, हा माणूस आळशी असेल. मुळीच नाही. सर पहाटे चारला उठतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाला नाटकाचं वावडं नाही, पण पहाटे चारचा प्रयोग फक्त आमच्या मेहुणीच्या घरी होतो. आधी टेबल पुसायचं. मग चार रंगांचे हायलायटर उंचीप्रमाणे लावायचे. मग चहा. मग कालपर्यंत काय लिहिलं ते वाचायचं, त्यातला 'परंतु' खोडून 'तथापि' करायचं. साडेपाचला 'तथापि' खोडून परत 'परंतु'. सहाला दूधवाला येतो आणि सर सुटकेचा निःश्वास टाकून दार उघडायला धावतात. पुढं दिवसभर ते ज्याला त्याला सांगतात, "पहाटे लय लागली होती हो, तेवढ्यात दूधवाला आला." दूधवाला, गॅसचा नंबर, पोरीची फी, मावसभावाची वास्तुशांत हे सगळे मिळून थिसिसचा गळा घोटतायत, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. उलट पोरीच्या पालकसभेला जायची वेळ आली, माळ्यावरचे डबे काढायची वेळ आली, की लगेच, "मला लिहायचंय." प्रपंच थिसिसच्या आड येतो आणि थिसिस प्रपंचाच्या. दोघं एकमेकांना इतके आड येतात की मधल्या मध्ये सरांना झकास सावली मिळते.

त्यात त्यांचा संसार दोन गावांत. सोमवार ते शुक्रवार साताऱ्यात राजवाड्याजवळच्या खोलीत, शनिवार-रविवार सांगलीत. येताना कंदी पेढे, जाताना भडंग. हा व्यापार आठ वर्षं एकदाही चुकलेला नाही. चुकतं ते एवढंच, की जे पुस्तक हवं असतं ते कायम दुसऱ्या गावात असतं. सांगलीत लिहायला बसले की 1885 चं साताऱ्याचं गॅझेटिअर साताऱ्याच्या कपाटात. ते घेऊन साताऱ्यात बसले की टिपणांची वही सांगलीत, फ्रिजवर. 2020 साली सगळं बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काय, वेळच वेळ! पण सर सांगलीत अडकले आणि पुस्तकं साताऱ्यात. त्यांनी ई-पाससाठी अर्ज भरायला घेतला. प्रवासाचं कारण या रकान्यात 'प्रकरण' हा शब्द लिहिलेला बायकोनं वेळीच पाहिला, म्हणून बरं.

सबंध थिसिसमध्ये सगळ्यांत आधी पूर्ण झालेला भाग म्हणजे ऋणनिर्देश. तो 2018 पासून तयार आहे आणि सारखा सुधारला जातो. सहा पानी आहे. घरातले संबंध कसे चाललेत हे बघायचं तर मी तोच वाचतो. सुरुवातीला मी तिसऱ्या परिच्छेदात होतो, 'ज्यांच्या सततच्या प्रेरणेवाचून' वगैरे. मग एकदा त्यांना गाडी द्यायला मी नाही म्हणालो, तर पाचव्या परिच्छेदात गेलो, नुसताच 'सहकार्य'. दिवाळीच्या पत्त्यांत मी त्यांचे 80 रुपये जिंकले, तेव्हापासून 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' यांच्यात राहतोय. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, पुरणपोळी केली की त्या वर सरकतात. मामा मात्र पहिल्यापासून पहिल्या पानावर. उसने घेतलेले पैसे फिटेपर्यंत ते तिथंच राहणार.

दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. 'संदर्भसाधनांचे संकलन समाधानकारकरीत्या सुरू आहे.' तारीख तेवढी बदलायची. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत मजकूर दुसरीकडचा जुळला तर चालवून घेतात म्हणे. सरांचे अहवाल एकमेकांशी शंभर टक्के जुळतात, पण ते कुणी तपासत नाही.

2019 च्या महापुराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. भाड्याच्या दोन खोल्यांत कागद मावत नाहीत म्हणून थिसिसचा पसारा सासूबाईंकडे, खालच्या खोलीत होता. ऑगस्टमध्ये कृष्णा फुगली, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि गावभागात घरोघरी शिरलं. सर साताऱ्यात, रस्ते बंद. पहिल्या दिवशी फोनवर रडवेला आवाज, "माझे कागद!" तिसऱ्या दिवशी आवाज स्थिर झाला. पाचव्या दिवशी तर त्यात एक प्रकारचं तेज आलं होतं. पुढं कळलं, त्या रात्री त्यांनी अर्जाचा मसुदाही केला होता : 'महापुरात दीड प्रकरण व समस्त साधनसामग्री वाहून गेली असल्याने...' अहो, असं कारण माणसाला जन्मात एकदा मिळतं! साक्षीला सगळं सांगली गाव, वर रोज टीव्हीवर बातम्या.

पाणी उतरल्यावर सर आले. भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ. त्यांनी खोलीकडं बघून डोळे मिटले. तेवढ्यात मामी जिन्यावरनं म्हणाल्या, "काळजी करू नका. गॅस आणि देव वर नेले, त्याच खेपेला तुमचेही कागद नेले. एक कपटा भिजला नाही."

घाईत मिळेल त्यात भरायचं म्हणून मामींनी सगळं हळदीच्या दोन रिकाम्या पोत्यांत कोंबलं होतं. पानांच्या कडा पिवळ्याधमक, वास तर विचारू नका. पहिला अर्धा तास सर काहीच बोलले नाहीत. मामाच शेवटी म्हणाले, "हळद लागली बघा थिसिसला. आता फार दिवस घरात ठेवू नये."

त्या पोत्यांवरून मामांना एक उपमा सापडली, ती अजून सुटलेली नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असायची. 2005 च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीच निकामी झाली. पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. भाव आला की उघडायचं. मामा विचारतात, "काय सर, भाव यायची वाट बघताय होय?" मधे सात-आठ महिने फाईल उघडलीच नव्हती. एका रविवारी सरांनी ती टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं नुसते बघत बसले. मी म्हटलं, "उघडा की." मामा खुर्चीतनं म्हणाले, "थांबा. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं. आत हवा नसते, माणूस मरतो. आधी कंदील सोडून बघायचा."

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. सर खवळले. निषेधाचं पत्र लिहिलं, आठ पानी, एका बैठकीत, उत्तम भाषेत. ते वाचून मेहुणी शांतपणे म्हणाली, "एवढंच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं असतं तर?" सरांनी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात लाईट गेली. दिवा तिनंच लावला.

मग 2025 उजाडलं. वाढीव मुदतीचं शेवटचं वर्ष. सर खरोखर लिहू लागले. इतिहासात अशा घटना घडतात. एसटीत मांडीवर लॅपटॉप, समोर मान टाकून झोपलेला सहप्रवासी, आणि सर टकटक करतायत. जुलैत तिसरं प्रकरण संपत आलं आणि नेमका इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. चाळीस पानांत इस्लामपूर! सरांनी कुणाला न विचारता कॉम्प्युटरवर एका फटक्यात सगळीकडं नाव बदलून टाकलं आणि प्रकरण गाईडना दिलं. गाईडांनी पहिलीच तळटीप वाचली आणि चष्मा काढला. "सर, 1949 सालच्या सरकारी कागदात ईश्वरपूर?"

परत सगळं उलटं करायचं, तर सासूबाईंच्या माहेरचे ईश्वरकाका ऋणनिर्देशात होते. त्यांचे इस्लामकाका झाले नाहीत ते केवळ मेहुणीनं एकेक ओळ बोटानं वाचली म्हणून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाईडांचा होकार आला. मामींनी पुरण घातलं. ('ज्ञात-अज्ञात'मधून मी त्याच दिवशी पाचव्या परिच्छेदात परतलो.) घरात एवढी धांदल बघून शेजारच्या काकू बऱ्याच दिवसांनी वाटी घेऊन आल्या.

"मिटलं एकदाचं ते तिसरं प्रकरण," सासूबाई म्हणाल्या.

"मिटलं? बरं झालं बाई, घरातल्या घरात मिटलं ते." काकूंनी विरजणाची वाटी पदराखाली धरली आणि जवळ सरकल्या. "पण लेकीला म्हणावं लक्ष ठेव. चौथं सुरू व्हायला वेळ लागत नाही."

सर आतल्या खोलीत टेबल पुसत होते. तिथूनच ओरडले, "सुरू केलंय काकू! हे जरा लांबेल, पण गाईड म्हणतात, यातच खरी मजा आहे."