सीपरीतले ड्रिबलिंग

झाशीच्या सीपरी बाजारात पायी फिरायचे, तर हॉकीपटू मेजर ध्यानचंदांचे गाववाले असणे उपयोगी पडते. ते चेंडू काढत; इथे माणसाने स्वतःलाच काढायचे. चाटच्या ठेल्याला डावीकडून, आडव्या लावलेल्या मोटारसायकलीला उजवीकडून हुलकावणी द्यायची, की समोर उघडे गटार. पदपथ नाही म्हणायची सोय नाही. दुकानदाराने माल मांडलाय तो त्याच्यावरच! ध्यानचंदांनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. इथला पादचारी धडधाकट घरी पोहोचला, की तेच त्याचे सुवर्ण. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, बसवला. हक्क वरून आलाच आहे. पालिकेने खाली गटारावर निदान झाकण तरी बसवावे.