रडायला कांदा नाही

माझं माहेर लासलगावकडचं. तिकडे कांदा आधी भाव पाडून रडवतो, मग विळीवर. सासरी पाठवताना आईने एकच गुरुमंत्र दिला: "रडू आलं की कांदा चिरायला बस, कोणी विचारत नाही." आणि मला दिली कुठे, तर अलिबाग तालुक्यात, खंडाळे-कार्ल्याच्या बाजूला! इथला पांढरा कांदा चवीला गोड. परातभर चिरा, डोळे कोरडे ठणठणीत.

भरल्या घरात ही केवढी गैरसोय! २०२२ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा डोळ्यांत पाणी येत नाही याचंच कौतुक झालं. कौतुक करणाऱ्यांना जावा नसाव्यात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरातही याचा उल्लेख आहे म्हणतात. म्हणजे इथल्या सुना निदान तेव्हापासून बिनआडोशाच्या.

मग भांडावं लागतं उघड्यावर. त्याचा हंगाम ठरलेला. भात काढलं की त्याच शेतात उरल्या ओलीवर कांदा लावायचा, फेब्रुवारी-मार्चात उपटायचा, पातीसकट वाळवायचा आणि ओटीवर बसून त्याच्या माळा विणायच्या. हात गुंतलेले, जिभा मोकळ्या. गणपतीतल्या फुटलेल्या मोदकांपासून मुंबईच्या दिरांनी परस्पर नेलेल्या मिक्सरपर्यंत सगळं तिथे निघतं. मोठ्या जाऊबाईंची माळ वेणीसारखी घट्ट, माझी वाकडी. "लासलगावला गोणीत कोंबतात ना, विणायची सवय कुठली," हे त्या माझ्याकडे न बघता हातातल्या कांद्याला सांगतात. धाकटी खुदकन हसते. मी तिच्या माहेराकडे वळते. आवाज चढला की सासूबाई पलीकडून म्हणतात, "ती गाठ चुकली, सोडा." नेमकी कुठली गाठ, हे विचारायची छाती आजवर कोणाची झालेली नाही.

गेल्या वर्षी भावाने लाल कांद्याची गोणी पाठवली. "असला उग्र कांदा आमच्यात चालत नाही," असं म्हणून जाऊबाईंनी ती कोपऱ्यात सरकवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकाचा निकाल लागला आणि त्या दुपारभर लाल कांदा चिरत बसल्या. धाकटीचं माहेरी जाणं रद्द झालं, तिने भजी काढली. नणंद सासरी परतली, सासूबाईंना कोशिंबिरीची आठवण झाली. जन्मात विळीला हात न लावलेले मामंजीसुद्धा, "आज मी बघतो जरा," म्हणाले.

बघता बघता गोणी संपली. भाजीत कांदा होता तेवढाच.