कचरा झाडायची नवी तऱ्हा

महाशिवरात्रीच्या यात्रेत मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी दुकानं लागली की कचरा दोन तऱ्हांनी काढता येतो. अख्खी गल्ली बंद करून एकदम झाडायची. गिऱ्हाईक खोळंबतं, दुकानदार शिव्या घालतात. नाहीतर गर्दीतूनच दिवसभर थोडं थोडं झाडत राहायचं. शहाणा माणूस दुसरी तऱ्हा निवडेल. पायथन या संगणकभाषेच्या शहाण्या मंडळींनीही तीच निवडली.

पायथनमध्ये एखादी वस्तू धरून ठेवणारं कुणी उरलं नाही की तिची मेमरी लगेच मोकळी होते. पंचाईत होते ती एकमेकींना धरून बसलेल्या वस्तूंची. बाहेर कुणालाच त्या नको असतात, पण धरणाऱ्यांची मोजणी काही शून्यावर येत नाही. त्या हुडकायला वेगळा गार्बेज कलेक्टर आहे. तो जुन्या वस्तूंचा सगळा पसारा तपासायला बसला की प्रोग्रॅम गप्प उभा. पसारा मोठा, तर थांबाही मोठा. पायथन घडवणाऱ्यांपैकी मार्क शॅनन यांनी ३.१३ या आवृत्तीसाठी तुकड्यातुकड्याने तपासणारा कलेक्टर आणला. थांबे आखूड झाले, सगळे खूश.

मग २०२४ च्या सप्टेंबरात, आवृत्ती उंबरठ्यावर असताना, स्फिंक्सवाल्यांनी बोंब मारली. स्फिंक्स म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं तयार करणारं साधन. नव्या कलेक्टरमुळे त्याचं काम चक्क रेंगाळायला लागलं. झाडूवाला कुणाला अडवत नव्हता हे खरं, पण दिवसभर पायांत तोच!

कलेक्टरने कधी, किती झाडायचं याचे आकडे इकडचे तिकडे करून वेळ मारून नेता आली असती. पण शेवटच्या आठवड्यात फिरवलेले आकडे तपासणार कोण? नवा कलेक्टर काढला, जुना बसवला. १ ऑक्टोबरला अंतिम आवृत्तीऐवजी आणखी एक चाचणी आवृत्ती निघाली, आणि ७ ऑक्टोबरला ३.१३ बाहेर पडली. उशीर सहा दिवसांचा. अभ्यासगट नाही, मुदतवाढ नाही, 'योजनेचं नाव बदलून पुन्हा शुभारंभ' तर नाहीच. घोषणेत सरळ लिहिलं की मागे घेतलंय. आमच्याकडे एवढ्यात चौकशी समितीच्या चहाचं बिलही मंजूर होत नाही.

अर्थात त्यांना ते सोपं होतं. जुना कोड इतिहासात जसाच्या तसा शाबूत असतो. उलटं फिरायला एक आज्ञा पुरते. इथे मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे दगड जीर्णोद्धारासाठी उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. दगडाला 'अनडू'चं बटण नसतं, म्हणून तर उतरवण्याआधी चढवायची तजवीज हवी.

आणि तो माघारी धाडलेला कलेक्टर? ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ बरोबर पुन्हा हजर झाला. मी आपला अजून ३.१३ वरच आहे.